कोंबडीचं पिल्लू पुन्हा बसकण मारून बसलंय? पायाइतकीच जागाही तपासा

आमच्याकडे दर उबवणीला एक तरी पिल्लू बसायचंच. बाकीची दहा-अकरा आईच्या मागे चिवचिवत पळतायत आणि एक मागे राहिलेलं, पंख जमिनीला टेकवून, पायांचा पसारा करून, ओरडून ओरडून दमलेलं. नवी मुंबईतल्या घणसोली गावात आमचं घर आहे. शहर वसवणारी सिडको यायच्या आधीपासून, म्हणजे माझ्या आजेसासूच्या काळापासून, दारात कोंबड्या आहेत. त्यामुळे निदान घरातच व्हायचं. आई, म्हणजे माझ्या सासूबाई, पिल्लू उलटंपालटं करून बघायच्या आणि सांगायच्या, "वारा लागला हाय त्याला." मग हळदीचा लेप, कोमट तेलाचा हात, खोक्यात चिंध्यांची गादी. काही पिल्लं उठायची, काही नाही. जी उठायची ती परत त्याच जागी सोडायची, आणि आठ-पंधरा दिवसांनी दुसरं कुणीतरी बसलेलं असायचं.

दोन वर्षं हे असंच चाललं. शेवटी मी एक वही केली. पिल्लू किती दिवसांचं, कुठे ठेवलं होतं, कुठला पाय, एक की दोन्ही, काय खात होतं, सकाळी सापडलं की दिवसा. एवढंच लिहायचं. पाच-सहा महिन्यांत वहीनेच सांगितलं की आमचा वारा तीन ठिकाणांहून येत होता: गुळगुळीत फरशी, पांढरी कणी आणि रात्रीची घूस. रोगाने गेलेलं पिल्लू त्यात एकच होतं. तुमच्याकडेही दर वेळी हेच होत असेल, तर पिल्लावर उपचार कराच, पण ते जिथून उचललंत ती जागा तशीच ठेवू नका. माझं सगळं म्हणणं एवढंच आहे. पुढचं सगळं तपशील आहेत.

आत्ता पिल्लू हातात असेल तर

पायाला हात लावायच्या आधी ते गार पडलंय का बघा. तळहातावर घ्या, पंजे गालाला लावून बघा. पावसात भिजलेलं किंवा आईच्या पोटाखालून बाहेर राहिलेलं पिल्लू लुळं पडतं, मान टाकतं, आणि बघणाऱ्याला वाटतं पाय गेला. अर्धा-पाऊण तास ऊब दिली की त्यातली काही आपोआप उभी राहतात. पहिल्या आठवड्यातल्या पिल्लाला साधारण ३५ अंश सेल्सियस ऊब लागते, नंतर दर आठवड्याला तीनेक अंश कमी करत न्यायची.

इथे एक गोष्ट माझ्याकडून झालेली सांगते. खोक्यावर बल्ब लावला, उजेड भरपूर, आणि पिल्लू रात्रभर कुडकुडलं. तो एलईडी होता. एलईडी गरम होत नाही. जुना पिवळा, तारेचा बल्ब लागतो, चाळीस किंवा साठ वॅटचा, आणि तोही खोक्याच्या एका बाजूला, म्हणजे पिल्लाला गरम झालं तर सरकता येतं. जे पिल्लू सरकूच शकत नाही त्याला तुम्हीच दर थोड्या वेळाने बघायचं. चोच उघडी टाकून धापा टाकत असेल तर ऊब जास्त झाली. बल्ब नसेल तर बाटलीत गरम पाणी भरून, फडक्यात गुंडाळून शेजारी ठेवा. मे महिन्यात पत्र्याखाली ठेवलेल्या पिल्लाचं उलटं असतं. ते उन्हानेच कोसळलेलं असतं, त्याला सावली आणि पाणी हवं.

दुसरं, त्याला इतरांपासून वेगळं करा. जखम असेल तर लगेच. कोंबड्यांना लाल रंग दिसला की त्या टोचतात आणि एकीने सुरुवात केली की सगळ्या येतात. सख्खी आईसुद्धा टोचते. पण अगदी एकटंही ठेवू नका, एकटं पिल्लू ओरडून ओरडून खाणं सोडतं. खोकं अशा जागी ठेवा की बाकीच्यांचा आवाज येईल, किंवा एखादं गरीब स्वभावाचं भावंड सोबतीला द्या.

तिसरं पाणी. चोच उघडून घशात ओतू नका. पक्ष्याच्या जिभेच्या मुळाशीच श्वासनलिकेचं तोंड असतं, पाणी तिकडे गेलं तर पायाचं दुखणं राहतं बाजूला आणि पिल्लू छातीने जातं. बोट बुडवून चोचीच्या कडेला एक थेंब लावा, ते चाटून घेतं. सिरिंज असेल तर सुई काढून तसाच थेंब थेंब. फारच मलूल असेल तर पहिल्या दिवशी ओआरएसचं पातळ पाणी चालतं.

मग पाय बघा. पिल्लाला पाठीवर न टाकता, छाती तळहातावर आणि पाय बोटांमधून खाली सोडून धरा. छाती आवळू नका. पक्ष्याला आपल्यासारखा छाती-पोटामधला श्वासाचा पडदा नसतो, त्याची छाती हलली तरच श्वास चालतो. दोन्ही पाय एकाच वेळी वरून खाली चाचपत जा आणि सतत तुलना करा, कारण एका पायाकडे बघून काही कळत नाही. सूज, गरमपणा, मध्येच वाकलेलं हाड, बोटाखाली कुरकुर. तळपाय उलटा करून बघा. बोटांभोवती केस, दोरा, मांजाची तार गुंडाळलेली नाही ना तेही बघा. संक्रांतीनंतरच्या महिन्यात मला दोनदा मांजा सापडलाय, आणि तो पिसांत दिसत नाही, बोट काळं पडल्यावरच लक्षात येतो. शेवटी बोटाला हळूच चिमटा काढा. पाय आखडून घेतला तर बरं, म्हणजे नस जिवंत आहे.

आपण ज्याला कोंबडीचा गुडघा म्हणतो तो सांधा खरं तर तिचा घोटा आहे. खरा गुडघा वर पिसांत लपलेला असतो. मी पुढे घोटाच म्हणते, नाहीतर डॉक्टरांशी फोनवर बोलताना गोंधळ होतो. माझा झाला होता.

फरशी

आमचं अंगण होतं तेव्हा ते शेणाने सारवलेलं असायचं. आई सांगतात, तेव्हा पाय फाकलेलं पिल्लू त्यांनी क्वचितच पाहिलं. मग अंगणात मजले चढले, जिन्याखाली कोंबड्यांना जागा मिळाली, आणि तिथे लावली चकचकीत टाइल. वर वर्तमानपत्र अंथरलेलं, रोज बदलायला सोपं म्हणून. अंड्यातून नुकतंच बाहेर आलेलं पिल्लू उभं राहायला जातं, पाय बाहेरच्या बाजूला घसरतात, ते पुन्हा प्रयत्न करतं, पुन्हा घसरतात. दोन दिवसांत पाय तसेच आडवे राहायला लागतात, स्केटिंग करताना पडलेल्या पोरासारखे. पिल्लू तरतरीत असतं, खातं, ओरडतं, फक्त पोटावर पसरलेलं असतं. जन्मापासून पहिल्या आठवड्यातलं आणि दोन्ही पाय बाहेर गेलेलं पिल्लू असेल तर बहुतेक हेच समजा.

हे बरं होतं, पण लवकर धरलं तर. पहिल्या दोन-तीन दिवसांत बांधलं तर तीन-चार दिवसांत उभं राहतं. दोन आठवडे गेले की हाडं त्याच वळणाने घट्ट होतात आणि मग तुम्ही कितीही बांधा.

मेडिकलमध्ये कागदी मायक्रोपोर टेप मिळते. तिची अर्धा सेंटिमीटर रुंद, बोटभर लांब पट्टी कापा. एका पायाला घोट्याच्या खाली गुंडाळा, मग दुसऱ्या पायाला, आणि मधल्या भागात चिकट बाजू एकमेकींना चिकटवा. बेडीच झाली ही, पण सैल. दोन पायांमधलं अंतर पिल्लू नीट उभं असतं तेव्हा असतं तेवढं, नवजाताला दोन-अडीच सेंटिमीटर. जवळ बांधलेत तर ते तोंडावर पडतं, लांब बांधलेत तर उपयोग नाही. पहिला तासभर ते भेलकांडतं, चिडतं, मागे पडतं. पडू द्या, पण गोणपाटावर पडू द्या, टाइलवर नाही. हाताने उभं करा, पुढ्यात दाणे टाका. रोज एकदा पट्टी बघा, कारण पिल्लू भराभरा वाढतं आणि कालची सैल पट्टी उद्या रुतते. काढताना ओढू नका, खोबरेल तेलाचं एक बोट टेपवर फिरवा, सुटते. तेल पिसांना लागू देऊ नका.

आणि फरशी झाका. गोणपाट सगळ्यात स्वस्त, फक्त कडा आत दुमडून शिवा, नाहीतर सुटलेल्या सुतळीत बोटं अडकतात. फ्रिजच्या कप्प्यात घालायची जाळीदार रबरी मॅट मिळते, ती धुताही येते. त्यावर दोन-तीन बोटं भाताचं तूस, किंवा सुताराकडचा रंध्याचा जाडसर भुसा. करवतीचा बारीक भुसा नको, लहान पिल्लं तो दाणा समजून खातात. कागद पहिले पंधरा दिवस नकोच.

कणी

हे मान्य करायला आमच्या घरात सगळ्यात जास्त वेळ लागला, कारण कणी घालणं म्हणजे कोंबड्या पाळणं अशी आमची समजूत. मोकळ्या फिरणाऱ्या कोंबडीला कणी चालते, बाकीचं ती उकिरड्यावर शोधते: किडे, गांडुळं, पालापाचोळा, शेण. जिन्याखाली जाळीत कोंडलेल्या पिल्लाला फक्त कणीच मिळते.

आणि ही नवी गोष्ट नाही. १८९०च्या दशकात जावा बेटावरच्या बटाव्हियात, म्हणजे आजच्या जकार्तात, ख्रिस्तियान आइकमान नावाचा डच डॉक्टर बेरीबेरी या माणसांच्या नसांच्या आजाराचं कारण शोधत होता. त्याच्या प्रयोगशाळेतल्या कोंबड्या अचानक लटपटायला लागल्या, पाय टाकून बसायला लागल्या. जंतू शोधून तो थकला. मग काही महिन्यांनी कोंबड्या आपोआप बऱ्या झाल्या. चौकशी केली तेव्हा कळलं की मधल्या काळात त्यांना लष्करी इस्पितळातला उरलेला पांढरा भात मिळत होता. नवा स्वयंपाकी आला, त्याने लष्कराचा भात बाहेरच्या कोंबड्यांना द्यायला नकार दिला, त्या पुन्हा बिनपॉलिशच्या तांदळावर आल्या आणि उठल्या. तांदळाच्या सालीतल्या ज्या द्रव्याची ही करामत होती त्याला पुढे बी-१ जीवनसत्त्व म्हणू लागले. आइकमानला १९२९ साली नोबेल मिळालं. मी ही गोष्ट आईंना सांगितली. त्या म्हणाल्या, "मंग त्या सैपाक्याला द्याचा होता."

असो. बी-१ कमी पडलं तर पिल्लू लटपटतं आणि मान मागे टाकून आकाशाकडे बघत बसतं. बी-२ कमी पडलं तर दोन-तीन आठवड्यांच्या पिल्लाची बोटं मुठीसारखी आत वळतात आणि ते घोट्यांवर चालतं. डी-३, कॅल्शियम, फॉस्फरस कमी पडलं तर हाडं मऊ, पाय धनुष्यासारखे. जिन्याखाली ऊन येत नाही हेही त्यात आलंच. मँगनीज कमी पडलं तर घोट्याच्या मागचा स्नायूबंध खोबणीतून सरकतो: एकाच पायाचा घोटा सुजतो, चपटा दिसतो आणि त्याखालचा पाय वेडावाकडा बाहेर वळतो. हा शेवटचा प्रकार घरी हाताळू नका. पहिल्या एक-दोन दिवसांत जाणकार डॉक्टर तो बंध जागेवर बसवू शकतात, नंतर अवघड.

मुठी वळलेल्या बोटांना मात्र घरी आशा आहे. उकडलेल्या अंड्याचा पिवळा बलक कुस्करून, दह्याचा एखादा चमचा, उकडलेली कलेजी अगदी बारीक करून. कोंबड्यांच्या औषधांच्या दुकानात पाण्यात घालायचं जीवनसत्त्वांचं द्रव मिळतं, ते बाटलीवर लिहिलंय तेवढंच. अंदाजाने हिशेब करून आपल्या बी-कॉम्प्लेक्सच्या गोळ्या फोडू नका. जोडीला बोटं सरळ करून खालून-वरून टेपचे दोन तुकडे चिकटवायचे, बदकाच्या पंजासारखी चप्पल होते. तीन-चार दिवसांत फरक दिसला तर ठीक. महिनाभर जुनं असेल तर नस गेलेली असते, बोटं तशीच राहतात.

आता रोजचं खाणं. पिल्लांचं स्टार्टर खाद्य सुटं मिळतं, पहिले आठ आठवडे तेच मुख्य. कणी वरून, चवीपुरती. तांदळाचा कोंडा चांगला, पण ताजा, आपल्याकडच्या दमट हवेत तो पटकन खवट होतो आणि खवट कोंडा नव्या आजाराला बोलावणं आहे. अंडी देणाऱ्या कोंबड्यांचं लेअर खाद्य पिल्लांना घालू नका. त्यात साडेतीन-चार टक्के कॅल्शियम असतं, पिल्लाला एक टक्का पुरतं, जास्तीचं मूत्रपिंडावर जातं. पाय कमजोर म्हणून चुना पाजणाऱ्यांनाही हेच सांगणं. आणि आमच्या बाजूचं खास म्हणजे सुकटीचं धुवण, खारवलेल्या मासळीची डोकी. मीठ पिल्लांना सोसत नाही.

रस्त्यावर गुलाबी-हिरव्या रंगात विकतात ती पिल्लं वेगळी. त्यात ब्रॉयलरची निघाली तर सहा आठवड्यांत दोन किलोच्या घरात जातात आणि स्वतःच्या वजनाने बसतात. पोरांच्या हट्टाने घेतली असतील तर खाणं मोजून द्या, यापेक्षा जास्त हातात नाही.

घूस, आणि मोडलेला पाय

सकाळी खुराडं उघडलं की एक पिल्लू रक्ताळलेलं, असं आमच्याकडे एकाच पावसाळ्यात तीनदा झालं. संशय मांजरावर. बिचारं मांजर शेजारच्या काकींच्या शिव्या खात राहिलं. एका रात्री दोनला आवाज आला म्हणून टॉर्च मारला तर डालग्याच्या फटीतून बाहेर आलेला पिल्लाचा पाय घुशीच्या तोंडात. नवी मुंबईच्या गटारांच्या घुशी ज्यांनी पाहिल्यात त्यांना आकार सांगायला नको. पिल्लं झोपताना कडेला चिकटून बसतात, पाय किंवा पंख फटीतून बाहेर येतो आणि ती बाहेरून ओढते. पिल्लू आत, पाय बाहेर.

ते पिल्लू पाच आठवड्यांचं होतं, तांबूस रंगाची मादी. डाव्या पायाची नळी घोट्याच्या खाली मोडलेली, कातडी दोन ठिकाणी फाटलेली. तिच्यावर केलेलं सगळं लिहिते, कारण विचारणारे बहुतेक याच अवस्थेत विचारतात.

रक्त वाहत होतं तिथे स्वच्छ कापडाने पाच मिनिटं दाबून धरलं. सारखं उचलून बघायचं नाही. मग उकळून कोमट केलेल्या मिठाच्या पाण्याने जखम धुतली आणि बेटाडीन पाण्यात चहाच्या रंगाइतकं पातळ करून लावलं. हळद भरली नाही. वाईट म्हणून नाही, तर पूड जखमेत बसते आणि खाली पू झाला तर दिसत नाही. बधिर करणारं मलम, ज्याच्या नावात शेवटी 'केन' असतं ते, पक्ष्यांना विषारी ठरू शकतं. माणसांची वेदनाशामक गोळीही नाही. जनावरांसाठीच्या डायक्लोफिनॅकवर भारतात २००६ मध्ये बंदी आली ती त्याने गिधाडं मेली म्हणून, आणि गिधाड केवढं नि पिल्लू केवढं. दुखणं कमी करायचं औषध पशुवैद्य वजनावर ठरवतात.

नळीचं हाड सरळ रेषेत होतं आणि कातडीबाहेर आलेलं नव्हतं, म्हणून घरी बांधायची हिंमत केली. शीतपेयाची स्ट्रॉ उभी चिरली, नळीच्या लांबीची कापली, आत कापसाचा पातळ थर, आणि पायावर बसवून वरून टेप. जखमेची जागा उघडी ठेवली. पट्टीखाली बोटं गरम आणि पिवळसर राहिली पाहिजेत. ती गार, सुजलेली, निळी दिसली की पट्टी घट्ट झाली, लगेच सोडा. दर तिसऱ्या दिवशी मी पट्टी बदलली, कारण पिल्लू वाढत होतं. पक्ष्याचं हाड लवकर जुळतं, नळीचं तर तीन आठवड्यांत बऱ्यापैकी. पण मोड घोट्याच्या वर असेल, मांडीत असेल, सांध्यातच असेल किंवा हाड बाहेर दिसत असेल, तर बांधाबांध न करता पिल्लू टॉवेलच्या घडीत बसवून डॉक्टरकडे.

तिसऱ्या दिवशी पाय हिरवा पडला. घरात रडारड झाली, सडला म्हणून. सडला नव्हता. आपल्याला मार लागला की निळं-काळं होतं, पक्ष्यांची साकळलेली जागा दोन-तीन दिवसांत हिरवी होते आणि आठवड्यात जाते. घाबरायचं ते काळ्या, गार, सुकलेल्या कातडीला आणि वासाला. पावसाळ्यात माश्यांनाही. जखमेवर माशीने अंडी घातली की दिवसभरात अळ्या होतात, म्हणून खोक्यावर मच्छरदाणीचं कापड ताणून बांधा.

घुशीचा बंदोबस्त केला नसता तर हे सगळं व्यर्थ गेलं असतं. खुराड्याला आता खाली पत्रा आहे, आणि चारी बाजूंनी अर्ध्या इंचाची वेल्डेड जाळी, जमिनीपासून फूटभर तर दुहेरी, मध्ये दोन बोटांचं अंतर सोडून. रात्री दाणे उचलून ठेवतो. विष टाकलं नाही, कारण विष खाऊन मेलेली घूस कोंबडी टोचते.

झोळी

जे पिल्लू उभंच राहत नाही ते बसून बसून नव्या जखमा करून घेतं: घोटे सोलवटतात, छातीची कातडी जाते, मागची पिसं विष्ठेने चिकटून गुदद्वार बंद होतं. त्यावर झोळीसारखा उपाय नाही. जुन्या सुती ओढणीची हातभर पट्टी घ्या. तिला पायांसाठी दोन भोकं, मागे विष्ठेसाठी एक. लहान बादलीच्या किंवा खोक्याच्या कडांना पट्टी ताणून कपड्यांच्या चिमट्यांनी अडकवा. पिल्लू त्यात असं बसलं पाहिजे की पंजे जमिनीला जेमतेम टेकतील, भार झोळीवर आणि पायांना जमिनीची आठवण. पुढ्यात चोचीच्या उंचीवर पाणी आणि दाणे. वीस मिनिटं, दिवसातून चार-पाच वेळा, एवढं पुरतं. दिवसभर टांगून ठेवू नका. छातीवर पट्टी आवळत नाही ना, ते दर वेळी बघा.

बाकी वेळ फडक्याची कडी करून, चुंबळ करतात तशी, तिच्यात बसवा, म्हणजे पाय पोटाखाली राहतात. मागची बाजू रोज कोमट पाण्याच्या बोळ्याने पुसा आणि कोरडी करा. सकाळी दाणे घालायच्या आधी छातीवरची दाण्याची पिशवी चाचपा, ती रिकामी हवी. रात्रीचं तसंच भरलेलं असेल तर पचत नाहीये, खाणं थांबवून डॉक्टरांना विचारा. रोज एकाच वेळी वजन करा, स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर वाटी ठेवून. पिल्लाचं वजन रोज वाढायला हवं, दोन दिवस घटलं तर बाहेरून कितीही तरतरीत दिसो, काहीतरी बिघडलंय. हे सगळं झाल्यावर साबणाने हात धुवा. पोरांना पिल्लाचे मुके घेऊ देऊ नका, पोट बिघडवणारा साल्मोनेला जंतू त्यातून येतो.

पायाचं दुखणं नसेल तर

दीड महिन्यापुढचं पिल्लू, मार लागल्याची खूण नाही, आणि एक पाय पुढे, एक मागे टाकून पडलंय, तर मॅरेक्सची शंका घ्या. हा विषाणू नसांवर बसतो, कोंड्यासारख्या पिसांच्या धुळीतून पसरतो, उपचार नाही. लस पहिल्याच दिवशी हॅचरीत देतात, म्हणून विकतची पिल्लं घेताना विचारून घ्या. माणसाला तो होत नाही. वहीतलं जे एक पिल्लू रोगाने गेलं म्हणाले ते हेच असावं, दोन आठवडे झोळीत घालून मी त्याला उगाच छळलं.

मान पिळवटलेली, हिरवट पातळ विष्ठा, घरघर, आणि एकापाठोपाठ एक, तर ती मानमोडी. तिची लस आहे: लासोटा नावाच्या लसीचा थेंब पाच-सात दिवसांचं असताना डोळ्यात, पुढे दोन महिन्यांच्या सुमारास आर-टू-बी नावाची दुसरी लस. बाटली शंभर-दोनशे पक्ष्यांची येते आणि एकदा कालवली की दोनेक तासांत संपवावी लागते, म्हणून आमच्या आळीत आता सगळे एकाच दिवशी देतात. बर्फाच्या डब्यात आणायची, पिशवीत लोंबकळत नाही.

आणि एकाच दिवशी बरेच पक्षी पटापट मेले, तर लंगडं पिल्लू विसरा. कुणाला हात लावू देऊ नका, कापून खाऊ तर नकाच, पशुसंवर्धन विभागाला कळवा. टोल-फ्री क्रमांक १९६२. फेब्रुवारी २०२२ मध्ये आपल्याच ठाणे जिल्ह्यात शहापूर तालुक्यातल्या वेहळोलीत बर्ड फ्लू निघाला होता, जानेवारी २०२५ मध्ये उरणजवळ चिरनेरला.

डॉक्टरबद्दल. जवळच्या दोन दवाखान्यांनी मला "आम्ही कुत्रा-मांजरच बघतो" म्हणून परत पाठवलं, एका ठिकाणी तर कंपाउंडर हसला. म्हणून निघायच्या आधी फोन करून "पक्षी बघता का" एवढं विचारा. सरकारी पशुवैद्यकीय दवाखाना सकाळी गाठा. पायाचं खरंच गंभीर असेल तर मुंबईत परळचं बैलघोडा हॉस्पिटल, म्हणजे जनावरांचं इस्पितळ. घणसोलीहून ठाण्याला, तिथून स्लो लोकल. बुटाच्या खोक्याला भोकं पाडून, आत गोणपाट घालून न्या, आणि गर्दीची वेळ टाळा. पायांना धरून उलटं लोंबकळत तर पिल्लू कधीच नेऊ नका, निम्मे निखळलेले सांधे तिथेच होतात. डॉक्टरांनी अँटिबायोटिक दिलं तर तो पक्षी किती दिवस खायचा नाही, त्याची अंडी किती दिवस टाकायची, हे तेव्हाच विचारून वहीत लिहा. आमच्यासारख्या घरात हे विचारणं भागच आहे.

दोन्ही पायांच्या बोटांना चिमटा काढून काहीच हलत नसेल, आठवडाभर ऊब, पाणी, झोळी सगळं करूनही वजन घटत असेल आणि पिल्लू डोळे मिटून बसत असेल, तर डॉक्टरांना त्याला शांतपणे झोपवायला सांगा. घरी कुणी मान मोडायला पुढे आलं तर ज्याला खरंच येतं त्यालाच करू द्या.

तांबूस पिल्लू एकविसाव्या दिवशी पट्टीतून सुटलं. पाय किंचित बाहेर वळलेला राहिला, पळताना ती एका बाजूला झुकते. आता ती अंड्यावर आलेली तलंग आहे. बाकीच्या रात्री बांबूवर चढतात, तिला चढता येत नाही, उडी मारून उतरली तर तोच पाय परत दुखावेल, म्हणून खुराड्यात एका कोपऱ्यात, जाळीपासून हातभर आत, दोन विटा ठेवल्यात आणि वर गोणपाट. आईंनीच ठेवल्या.